एकाच यंत्रावर स्क्विडचा मल्टिकास्ट गट

एका लिनक्स यंत्रावर स्क्विड या कॅशिंग प्रॉक्सीच्या दोन-तीन प्रती चालवायच्या, आणि त्यांनी मल्टिकास्टने एकमेकींना विचारून कॅशेतला माल वाटून घ्यायचा. ही मांडणी करायला बसलेल्याची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. कागदपत्रांत दिलेल्या सूचना त्याने जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. फाइल तपासली तर चूक दिसत नाही. सगळ्या प्रती सुरू होतात, ब्राउझरला पाने मिळतात, पण लॉगमध्ये ‘सिब्लिंग_हिट’, म्हणजे बरोबरीच्या शेजाऱ्याकडून मिळाल्याची खूण, काही केल्या उमटत नाही. प्रत्येक प्रत दरवेळी थेट मूळ सर्व्हरकडेच धाव घेते.

मग तो पोर्ट बदलतो, टीटीएल वाढवतो, फायरवॉल बंद करून बघतो. यातल्या कशानेही फरक पडत नाही, कारण अडचण एकाच यंत्राची आहे. ती नीट समजून घेतली तर पुढचे काम एका दुपारचे आहे. म्हणून आधी ती समजून घेऊ.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. या लेखात स्क्विडच्या सूचना आणि लिनक्सच्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. फाइलमध्ये किंवा टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. अधोरेषा जिथे दाखवली आहे तिथे ती टाकायचीच. लॉगमधले निकालाचे शब्द मात्र रोमन मोठ्या अक्षरांत दिसतील.

शेजारच्या कॅशेकडे एखादे पान आहे का, हे विचारण्यासाठी स्क्विड आयसीपी, म्हणजे इंटरनेट कॅशे प्रोटोकॉल वापरतो. ड्वेन वेसल्स आणि के. क्लॅफी यांनी लिहिलेली त्याची दुसरी आवृत्ती सप्टेंबर १९९७मध्ये आरएफसी २१८६ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रोटोकॉल अगदी आटोपशीर आहे. यूडीपीच्या एका छोट्या पाकिटात यूआरएल घालून विचारायचे, समोरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. त्याचे रूढ पोर्ट ३१३०. स्क्विडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ते मुळात बंद असते, आपण सांगितल्याशिवाय उघडत नाही.

साध्या पद्धतीत प्रत्येक शेजाऱ्याला वेगळे पाकीट जाते. मल्टिकास्टमध्ये एकच पाकीट गटाच्या पत्त्यावर सोडायचे आणि गटातल्या सगळ्यांनी ते ऐकायचे. उत्तर मात्र प्रत्येकाने विचारणाऱ्याला थेट, एकट्याला द्यायचे. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघतो. बचत किती होते त्याचाही हिशेब यातूनच लागतो. दहा कॅशे असतील तर साध्या पद्धतीत एका विचारणेला ९ प्रश्न आणि ९ उत्तरे अशी १८ पाकिटे लागतात. मल्टिकास्टने १ प्रश्न आणि ९ उत्तरे, म्हणजे १०. दोन-तीन कॅशे असतील तर बचत नगण्य आहे. एका यंत्रावर ही मांडणी करायचे खरे कारण एकच असू शकते: पुढे वेगवेगळ्या यंत्रांवर जी रचना उभी करायची आहे, तिचा सराव आणि चाचणी. त्यासाठी मात्र ती फार उपयोगाची आहे, आणि म्हणूनच ती नेमकेपणाने करायला हवी.

आता अडचण. ती दुहेरी आहे.

पहिली गोष्ट स्क्विडच्या स्वतःच्या वागण्याची. मल्टिकास्ट गटात सामील होताना स्क्विड त्या सॉकेटवरचे मल्टिकास्ट लूपबॅक बंद करायला कर्नलला सांगतो. हेतू सरळ आहे: स्वतः विचारलेला प्रश्न फिरून स्वतःच्याच कानावर येऊ नये. पण लिनक्समध्ये लूपबॅक बंद केले की ते पाकीट त्या यंत्रावरच्या बाकीच्या ऐकणाऱ्यांनाही मिळत नाही. म्हणजे गटात असलेल्या प्रतीने विचारलेला प्रश्न तारेवरून बाहेर जाईल, शेजारच्या खोलीतल्या यंत्राला ऐकू येईल, पण त्याच यंत्रावरच्या जुळ्या प्रतीपर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. यासाठी स्क्विडच्या फाइलमध्ये कोणतीही सूचना नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची, आणि ती अधिक निर्णायक आहे. स्क्विड वाटेल त्याचे आयसीपी उत्तर स्वीकारत नाही. उत्तर ज्या आयपी पत्त्यावरून आणि पोर्टवरून आले, ती जोडी आपल्या शेजाऱ्यांच्या यादीत असेल तरच ते ग्राह्य धरतो. मल्टिकास्टचे पाकीट एका ठरावीक पोर्टवर जाते, त्यामुळे गटातल्या सगळ्यांना तेच पोर्ट ऐकावे लागते. एका यंत्रावर, एका पत्त्यावर, सगळ्या प्रती ३१३०वरच बसल्या तर कोणते उत्तर कोणाचे हे ओळखायचे कसे? शिवाय थेट, एकट्यासाठी आलेले उत्तर त्या पोर्टवर बसलेल्यांपैकी एकाच प्रक्रियेच्या हाती पडते, आणि ती प्रश्न विचारणारी असेलच असे नाही.

यावर एक पळवाट सुचते, यंत्राला जादा आयपी पत्ते देण्याची. ‘यूडीपी_इनकमिंग_ॲड्रेस’ सूचनेने प्रत्येक प्रतीला एकेका पत्त्याला बांधायचे. पण लिनक्सवर सॉकेट विशिष्ट पत्त्याला बांधले की गटाच्या पत्त्यावर आलेले पाकीट त्याला मिळत नाही. मोकळे सोडावे, तर उत्तरावर प्रेषकाचा पत्ता कोणता घालायचा हे कर्नल ठरवतो. या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीट मार्ग आहे नेटवर्क नेमस्पेसचा. लिनक्स कर्नल एकाच यंत्रावर नेटवर्कचे स्वतंत्र कप्पे करू देतो. प्रत्येक कप्प्याला स्वतःचे इंटरफेस, स्वतःचा राउटिंग तक्ता आणि स्वतःची पोर्टे असतात. प्रत्येक स्क्विड आपापल्या कप्प्यात ठेवला की तिघांनाही ३१३० हेच पोर्ट मिळते, तिघांचे पत्ते वेगळे असतात, आणि प्रश्नाचे पाकीट खरोखर आपल्या कप्प्याबाहेर पडून दुसऱ्याच्या दारी जाते. लूपबॅक बंद असण्याने मग काही बिघडत नाही. दोन्ही अडचणी एकाच फटक्यात सुटतात. डॉकरचे एका ब्रिजवरचे कंटेनर आतून हेच करतात. ते तुमच्या सवयीचे असतील तर तसे करा. मी इथे मुळातली पद्धत देतो, कारण तिच्यात काय कुठे घडते ते दिसते.

‘एसक्यू१’, ‘एसक्यू२’ आणि ‘एसक्यू३’ असे तीन कप्पे धरू. रूट म्हणून ‘आयपी नेटएनएस ॲड’ या आज्ञेने ते तयार करा. मग ‘आयपी लिंक ॲड’ने एक ब्रिज तयार करून त्याला १०.२०.३०.१/२४ हा पत्ता द्या. प्रत्येक कप्प्यासाठी व्हीइथ जोडी बनवा. ही दोन टोकांची आभासी केबल असते: एक टोक ब्रिजला जोडायचे, दुसरे कप्प्यात सरकवायचे. कप्प्यांतल्या टोकांना अनुक्रमे १०.२०.३०.११, १२ आणि १३ हे पत्ते द्या. सगळे इंटरफेस ‘अप’ करा, कप्प्यांतला ‘एलओ’सुद्धा, तो नेहमी विसरला जातो.

प्रत्येक कप्प्यात १०.२०.३०.१ हा डिफॉल्ट मार्ग घाला. तो बाहेर जाण्यासाठी लागतोच, पण मल्टिकास्टसाठीही लागतो. गटात सामील होताना स्क्विड इंटरफेसचे नाव सांगत नाही, त्यामुळे कर्नल राउटिंग तक्ता पाहून इंटरफेस निवडतो. गटाच्या पत्त्याकडे जाणारा मार्गच नसेल तर सामील होणे फसते आणि कॅशे लॉगमध्ये ‘जॉइन फेल्ड’ अशी ओळ येते. बाहेरचे जग दिसण्यासाठी मूळ यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि १०.२०.३०.०/२४ या जाळ्यासाठी मास्करेडचा नियम घाला.

डीएनएसकडे जरा थांबून बघा. ज्या यंत्रांवर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड चालतो तिथे रिझॉल्व्ह फाइलमध्ये १२७.०.०.५३ हा पत्ता असतो. तो मूळ यंत्राच्या लूपबॅकवर आहे, कप्प्यातून तिथे पोहोचता येत नाही. स्क्विड सुरू होतो, पण एकही नाव उलगडत नाही. उपाय सोपा आहे: ‘ईटीसी’मध्ये ‘नेटएनएस’ नावाची डिरेक्टरी, तिच्यात कप्प्याच्या नावाची डिरेक्टरी, आणि तिच्यात वेगळी रिझॉल्व्ह फाइल. ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ ती आपणहून त्या कप्प्यातल्या प्रक्रियेला दाखवतो.

यंत्रावर आधीपासून डॉकर असेल तर आणखी एक सापळा आहे. ब्रिजवरची पाकिटेही आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीतून जायला लागलेली असू शकतात, आणि त्या साखळीचे धोरण बहुधा ‘ड्रॉप’ असते. आपल्या ब्रिजवरच्या वाहतुकीला तिथे स्पष्ट परवानगी द्या, नाहीतर अशा वेळी पिंगसुद्धा जाणार नाही.

कप्पे फक्त नेटवर्कचे आहेत, फाइल सिस्टिम तिघांची एकच आहे, हे विसरू नका. म्हणून पीआयडी फाइल, कॅशे डिरेक्टरी आणि दोन्ही लॉग प्रत्येकाचे वेगळे लागतात. स्क्विड सुरू करताना ‘-एन’ पर्यायाने प्रत्येक प्रतीला सेवेचे वेगळे नाव द्यायचे. हे नाव नुसत्या अक्षर-आकड्यांचे असावे. ते दिले नाही तर सामायिक मेमरीच्या तुकड्यांवरून प्रती एकमेकींच्या पायात येतात. या नावाचा दुसरा फायदा म्हणजे फाइलमध्ये ‘सर्व्हिस_नेम’ हा मॅक्रो डॉलर चिन्ह आणि महिरपी कंसांत लिहिला की त्याच्या जागी ते नाव बसते. त्यामुळे तिघांची सामाईक फाइल एकच ठेवता येते, आणि प्रत्येकाची छोटी फाइल तिला ‘इन्क्लूड’ करते.

‘व्हिजिबल_होस्टनेम’ किंवा निदान ‘युनिक_होस्टनेम’ तिघांचे वेगळे द्या. विनंती फिरून आपल्याकडेच आली का, हे स्क्विड व्हाया हेडरमधल्या नावावरून ओळखतो. सगळ्यांचे नाव एकच असेल तर शेजाऱ्याकडून आलेली सरळ विनंतीही त्याला फेरा वाटते. मेमरीचाही विचार करा: ‘कॅशे_मेम’चे मूळ मूल्य २५६ एमबी आहे, आणि तीन प्रती म्हणजे ते तिप्पट.

आता मल्टिकास्टच्या सूचना. एसक्यू१च्या फाइलमध्ये हे येईल:

एचटीटीपी_पोर्ट ३१२८
आयसीपी_पोर्ट ३१३०
एमकास्ट_ग्रुप्स २३९.१२८.१६.१२८
कॅशे_पीअर २३९.१२८.१६.१२८ मल्टिकास्ट ३१२८ ३१३० टीटीएल=१ मल्टिकास्ट-सिब्लिंग्ज
कॅशे_पीअर १०.२०.३०.१२ सिब्लिंग ३१२८ ३१३० मल्टिकास्ट-रिस्पॉन्डर प्रॉक्सी-ओन्ली
कॅशे_पीअर १०.२०.३०.१३ सिब्लिंग ३१२८ ३१३० मल्टिकास्ट-रिस्पॉन्डर प्रॉक्सी-ओन्ली

एसक्यू२मध्ये शेवटच्या दोन ओळींत ११ आणि १३, एसक्यू३मध्ये ११ आणि १२. स्वतःचा पत्ता स्वतःच्या यादीत घालू नका.

एकेक ओळ काय करते ते कळले तर चूक शोधणे सोपे जाते. ‘एमकास्ट_ग्रुप्स’ ऐकण्यासाठी आहे. ती नसेल तर ही प्रत प्रश्न विचारेल, पण इतरांचे प्रश्न तिच्या कानावर येणार नाहीत. पहिली ‘कॅशे_पीअर’ ओळ विचारण्यासाठी आहे. ती नसेल तर प्रत नुसती उत्तरे देत बसेल. पुढच्या दोन ओळी ओळखपत्रांसारख्या आहेत. ‘मल्टिकास्ट-रिस्पॉन्डर’चा अर्थ असा की या शेजाऱ्याला वेगळे पाकीट पाठवू नको, पण त्याचे उत्तर आले तर स्वीकार. या ओळी गाळल्या तर उत्तरे येऊनही फेकली जातात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण गटाची ओळ लिहिली की काम झाले असे वाटते.

‘मल्टिकास्ट-सिब्लिंग्ज’ सांगते की गटातले सगळे बरोबरीचे आहेत, कोणी पॅरेंट नाही. ‘प्रॉक्सी-ओन्ली’ म्हणजे शेजाऱ्याकडून आलेली वस्तू आपल्याकडे साठवायची नाही. एकाच डिस्कवर एका फाइलच्या तीन प्रती ठेवण्यात काही अर्थ नाही. टीटीएल १ पुरतो, कारण सगळे एकाच ब्रिजवर आहेत. गटाचा पत्ता २३९ने सुरू होणाराच घ्या. १९९८च्या आरएफसी २३६५ने ही मालिका संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली आहे. २२४.०.०ने सुरू होणारे पत्ते राउटिंग प्रोटोकॉलांचे आहेत, त्यांना हात लावू नका. आणि ‘यूडीपी_इनकमिंग_ॲड्रेस’ अजिबात लिहू नका.

परवानग्या राहिल्या. ‘आयसीपी_ॲक्सेस’ लिहिलेले नसेल तर स्क्विड सगळ्या विचारणा नाकारतो. १०.२०.३०.०/२४साठी एक एसीएल करून तिला ‘आयसीपी_ॲक्सेस’ आणि ‘एचटीटीपी_ॲक्सेस’ दोन्हींत परवानगी द्या. विचारणा आयसीपीने होते, पण वस्तू शेवटी एचटीटीपीनेच आणायची असते. दुसरी परवानगी नसेल तर ‘आहे’ असे उत्तर मिळूनही हाती ४०३ पडतो.

प्रत्येक प्रतीसाठी एकदा ‘-झेड’ने कॅशे डिरेक्टरी तयार करा, ‘-के पार्स’ने फाइल तपासा, आणि ‘आयपी नेटएनएस एक्झेक’मधून, ‘-एन’ आणि ‘-एफ’ देऊन तिन्ही सुरू करा. नंतर ‘-के’ने काही कळवायचे झाले तरी हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात.

आता तपासणी, आणि तिच्यात घाई नको. आधी प्रत्येक कप्प्यात ‘आयपी एमॲडर शो’ चालवा. व्हीइथच्या नावाखाली २३९.१२८.१६.१२८ दिसायला हवा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी मार्ग तपासा. मग ब्रिजवर टीसीपीडंप लावून यूडीपीचे ३१३० पोर्ट बघत राहा. विनंती न करताही अधूनमधून पाकिटे दिसतील. गटात किती जण ऐकत आहेत हे मोजण्यासाठी स्क्विड ठरावीक काळाने चाचणीची विचारणा सोडतो आणि ‘एमकास्ट_आयसीपी_क्वेरी_टाइमआउट’ इतका वेळ उत्तरे मोजतो. मूळ मूल्य २००० मिलिसेकंद, म्हणजे २ सेकंद. या मोजणीवरून पुढच्या प्रश्नाला किती उत्तरांची वाट पाहायची ते ठरते. म्हणून प्रती सुरू केल्या केल्या चाचणी घेऊ नका, मोजणीची एक फेरी होऊ द्या.

मग साठवता येईल अशी एखादी एचटीटीपी फाइल घ्या. डेबियनच्या भांडारातले एखादे पॅकेज उत्तम, कारण ती भांडारे अजून साध्या एचटीटीपीवर मिळतात. एचटीटीपीएस घेऊ नका; तिथे प्रॉक्सीला फक्त कनेक्ट विनंती दिसते आणि साठवण्यासारखे हाती काही लागत नाही. कर्लला ‘-एक्स’ने एसक्यू१ची प्रॉक्सी देऊन ती फाइल आणा. मग तीच फाइल एसक्यू२मधून आणा आणि तिन्ही ॲक्सेस लॉग शेजारी शेजारी उघडा.

एसक्यू१च्या लॉगमध्ये १०.२०.३०.१२कडून आलेली ‘यूडीपी_हिट’ची ओळ दिसेल आणि लगेच त्याच पत्त्याची ‘टीसीपी_हिट’ किंवा ‘टीसीपी_मेम_हिट’. एसक्यू३च्या लॉगमध्ये त्याच यूआरएलसमोर ‘यूडीपी_मिस’. आणि एसक्यू२च्या लॉगमध्ये ‘टीसीपी_मिस’, पण ओळीच्या शेवटाकडे ‘सिब्लिंग_हिट’ आणि १०.२०.३०.११. या चार ओळी जुळल्या की गट जुळला. एसक्यू३ची ‘यूडीपी_मिस’ ओळ क्षुल्लक समजू नका. प्रश्न दोघांनीही ऐकला, याचा तोच पुरावा आहे.

एसक्यू२मध्ये ‘हायर_डायरेक्ट’ दिसले आणि इतरांच्या लॉगमध्ये यूडीपीची ओळच नसेल, तर प्रश्न पोहोचला नाही: मार्ग, ब्रिज, आयपीटेबल्स बघा. ‘यूडीपी_डिनाइड’ दिसले तर ‘आयसीपी_ॲक्सेस’. इतरांकडे ‘यूडीपी_हिट’ आहे, पण एसक्यू२ थेटच जातो, तर ‘मल्टिकास्ट-रिस्पॉन्डर’च्या ओळींतला पत्ता किंवा पोर्ट चुकले आहे. अधूनमधून ५०४ दिसला तर घाबरू नका. आयसीपीच्या प्रश्नात फक्त यूआरएल असते, एचटीटीपी हेडर नसतात. त्यामुळे शेजारी ‘आहे’ म्हणतो आणि प्रत्यक्ष विनंती आल्यावर ती वस्तू चालण्याजोगी नाही असे निघते.

ही मांडणी कायमची वापरावी का? सगळ्या प्रती एकाच यंत्रावर राहणार असतील तर नाही. स्क्विड ३.२पासून ‘वर्कर्स’ ही सूचना आहे. तिने एकाच स्क्विडच्या अनेक प्रक्रिया चालतात, आणि रॉक प्रकारची कॅशे डिरेक्टरी त्या सगळ्या मिळून वापरतात. कोणी कोणाला विचारत बसायची गरज उरत नाही. वेगळ्या प्रतीच हव्या असतील तर वेगवेगळी पोर्टे देऊन साधे सिब्लिंग करा. तेव्हा एकाच पत्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांना ‘नेम=’ने वेगळी नावे द्यावी लागतात, बाकी काही नाही.

वेगळ्या यंत्रांवर जाणार असाल, तर दोन गोष्टी आत्ताच ठरवा. गटात कोणीही सामील होऊ शकतो आणि तुमचे वापरकर्ते कोणते यूआरएल मागतात हे ऐकू शकतो. त्यामुळे प्रॉक्सींसाठी वेगळे व्हीलॅन असल्याशिवाय मल्टिकास्ट वापरू नका. वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या जाळ्यावर तर नकोच.

दुसरी गोष्ट स्विचची. आयजीएमपी स्नूपिंग चालू आहे, पण जाळ्यात क्वेरिअर कोणीच नाही, अशी स्थिती असेल तर गट सुरुवातीला उत्तम चालतो आणि काही मिनिटांत गप्प होतो. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मूळ मूल्यांप्रमाणे सदस्यत्वाची मुदत २६० सेकंद असते, आणि ती संपली की स्विच त्या पोर्टांकडे पाकिटे सोडत नाही. ब्रिजवर न दिसलेला हा दोष खऱ्या जाळ्यावर नेमका दिसतो. म्हणून क्वेरिअर कोणत्या स्विचवर चालू आहे, हे तुमचे जाळे सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला पहिला सर्व्हर हलवण्याआधीच विचारून घ्या.